कोलांटी मारणारं विमान

माझा स्वभाव मुळात घाईचा. वर्गात एखादं पोर पेन्सिलीला टोक काढत बसलं की मला राहवत नाही. मी ती पेन्सिल त्याच्या हातातून ओढून घेते, टोक काढते आणि वर त्यालाच दटावते. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यासमोर कुणाला शिंक येत असली, तर ही त्याच्या वतीने शिंकून मोकळी होईल." खोटं कशाला बोलू, झालेही असते. आणि अशा बाईच्या पदरात देवाने नवरा टाकला तो एक स्क्रू पिळायच्या आधी त्याच्याकडे पाच मिनिटं टक लावून बघणारा.

आमचे हे तळोज्याला एका केमिकलच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्रेशर दाखवणाऱ्या काट्यांच्या पोटातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा आणि नखाएवढे स्क्रू, हे सगळं ह्यांचं राज्य. नव्वदीच्या दशकाचा शेवट शेवट असेल, त्या पावसाळ्यात कर्नाळ्याच्या वळणावर ह्यांची स्कूटर घसरली. डोकं वाचलं, स्कूटरही वाचली, उजवं मनगट मात्र मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड छान जुळलं होतं, पण बोटं वळेनात. वळली तर उघडेनात. कारखान्याने ह्यांना तात्पुरतं स्टोअरमध्ये बसवलं, खिडकीतून नटबोल्ट देण्याच्या कामाला. साहेब भला माणूस होता. "हात बरा वाटला की सांगा, तुमचं टेबल तसंच ठेवलंय," असं म्हणाला होता.

हे सांगतच नव्हते. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. उजवा हात दिवसभर पँटच्या खिशात. घरी असले की मांडीवर नॅपकिन आणि त्याच्याखाली हात. मी "दाखवा बघू जरा" म्हटलं की हे उठून गॅलरीत. मला हात लावू देणं सोडा, बघूही देत नव्हते. पूर्वी जेवताना कारखान्यातल्या गमती सांगायचे, तेही बंद झालं. गप्प माणसाशी धड भांडताही येत नाही हो. माझी फार पंचाईत झाली.

गणपती गेल्यावर एका दुपारी मी वैतागून स्टुलावर चढले आणि माळ्यावरचा एक लांबलचक खोका खाली ओढला. माझा भाऊ जहाजावर होता. त्याने परदेशातून ह्यांच्यासाठी रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं किट आणलं होतं. साधंसुधं नव्हे, हवेत उलटंसुलटं होणारं, कसरती करणारं. हे कॉलेजात असताना मित्रांबरोबर इंजिनाची मॉडेलं उडवायचे, ते माझ्या भावाने लक्षात ठेवलेलं. पण खोका आला तसा माळ्यावर गेला, कारण ह्यांना "सवडीने" करायचं होतं. मी तो खोका दिवाणावर आपटला आणि जाहीर केलं, "हे विमान मी बनवणार आहे."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तू? तू पंख उलटे लावशील."

"लावीन. माझं विमान, माझे पंख."

मी खोका फाडला, तोही चुकीच्या बाजूने. आतून पातळ पातळ लाकडाच्या पट्ट्या निघाल्या, इतक्या हलक्या की पंखा चालू होता तर त्यातल्या दोन उडून मोरीपर्यंत गेल्या. बाल्सा म्हणतात त्या लाकडाला. मी एक पट्टी उचलली आणि ती माझ्या हातात कटकन मोडली. तेव्हा मात्र हे उठले. "बाजूला हो," म्हणाले. मी बाजूला झाले. मनातल्या मनात नाचत होते, पण चेहरा सुतकी ठेवला.

मग आमच्या हॉलचा कारखाना झाला. जेवायच्या टेबलावर नकाशा पसरला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर टाचण्यांनी पट्ट्या टोचायच्या आणि जिथे दोन लाकडं भेटतील तिथे गोंदाचा थेंब सोडायचा. आम्ही जमिनीवर बसून जेवायला लागलो. सासूबाई सगळ्या बिल्डिंगला सांगत होत्या, "मुलगा विमान करतोय," आणि शेजारच्या वहिनींना वाटायचं कारखान्यात बढती मिळाली.

तो गोंद म्हणजे भलताच जालीम प्रकार होता. डोळा मिटायच्या आत चिकटायचा. हे सगळं डाव्या हाताने करायला बघत आणि उजवा हात नुसता पट्टी दाबायला वापरत. एकदा थेंब ओघळला आणि ह्यांचा उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली, मध्ये पंखाची एक बरगडी. सासूबाई खोबरेल तेल घेऊन धावल्या. मी गरम पाणी. काही उपयोग नाही. शेवटी मला आठवलं की ह्यात बहुतेक तेच रसायन चालतं जे माझ्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीत आहे. मी कापसाने ती बोटं पुसत बसले आणि सासूबाई म्हणाल्या, "आता रंगही लाव त्याला, मुलगी म्हणून दाखवायला नेऊ." हे हसले. कितीतरी आठवड्यांनी हसले. मग लगेच बोटं सुटली आणि हात परत नॅपकिनखाली गेला.

विमानाचा सांगाडा उभा राहिला तसा त्यात सामान बसायला लागलं. नाकात मोटार आणि तिच्यावर गरगरणारा पंखा. पोटात बॅटरी, ती सगळ्यात जड. पंखांच्या आणि शेपटीच्या फळ्या हलवायला काडेपेटीएवढ्या छोट्या मोटारी, त्यांना सर्व्हो म्हणतात. रिमोटची काडी इकडे हलवली की सर्व्होची दांडी तिकडे हलते आणि तारेने फळी ओढते. इंजिनाच्या विमानात ताकद मुबलक असते म्हणे, बॅटरीवरच्यात नसते, त्यामुळे हे प्रत्येक गोष्ट वाण्याच्या तराजूत घालून बघायचे. मी प्रेमाने एका जागी जरा जास्त गोंद लावला तर त्यांनी तो ब्लेडने खरवडून काढला. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना कळलंही नाही.

रिमोटला दोन काड्या होत्या. डावीने मोटार कमीजास्त व्हायची. उजवीने विमान वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ह्यांच्या भाषेत लूप आणि माझ्या भाषेत कोलांटी, ती मारायची तर उजवी काडी चिमटीत धरून पोटाकडे ओढायची आणि विमान पूर्ण गोल फिरून येईपर्यंत सोडायची नाही. जरा सैल पडली की विमान जमिनीत. हे कळल्यावर मी लगेच तोडगा काढला, मला काय वेळ लागतो. "अहो, मग रिमोटच्या तारा बदला की. उजवीचं काम डावीला द्या."

"येतं तसं करता."

"मग करा ना!"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "मग विमान उडेल. मी तिथेच राहीन, खिडकीत." पक्कड परत उचलून म्हणाले, "ह्या हाताने कोलांटी मारता आली, तर टेबलावर परत जाईन. नाही आली, तर साहेबांना सांगून टाकतो, तुम्ही दुसरा माणूस बघा."

मला एकदम धडकी भरली. मी विमान माळ्यावरून काढलं होतं ते माणसाला जरा नाद लागावा म्हणून, आणि ह्यांनी त्यावर अख्खी नोकरी टांगून ठेवली. ह्या माणसाला टेबलावरून उठवलं तर आयुष्यभर नटबोल्ट मोजत बसेल आणि मोजताना एक शब्द बोलणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. मला खूप काही बोलायचं होतं. मी आत जाऊन कणीक तिंबली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या, सासूबाईंनी मुद्दाम सांगितलं.

दसरा आला तेव्हा विमानाला अजून वरचं आवरण चढवायचं होतं, पण मोटार, सर्व्हो, पंखा सगळं बसलं होतं. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या अवजारांची आणि वाहनाची पूजा. पाटावर ह्यांची पक्कड, सोल्डरिंग, माझं शिवणयंत्र उचलवत नाही म्हणून त्याची बॉबिन, आणि खाली स्कूटरला हार. सासूबाई म्हणाल्या, "विमान?"

हे म्हणाले, "आई, ते अजून पुरं झालं नाहीये."

"वाहन आहे की नाही? मग पाटावर ठेव."

हे सकाळपासून सर्व्होची दांडी जुळवत होते. मुहूर्त टळतोय म्हणून सासूबाईंनी हाक मारली, तशी ह्यांनी विमान आणि रिमोट जसेच्या तसे उचलून पाटावर ठेवले आणि हे गंध लावून घ्यायला वाकले. दोन्हीही चालू. सासूबाईंनी विमानाला हळदकुंकू वाहिलं, कापसाचं वस्त्र घातलं आणि झेंडूचा चांगला भरगच्च हार घातला. कुठे? पंख्याला. दिसायला तीच जागा सोयीची होती ना. मग रिमोटची पाळी. रिमोटवर फूल कुठे ठेवायचं? तर त्यांना ती वर आलेली डावी काडी दिसली. तिच्यावर त्यांनी एक टपोरा झेंडू नीट खोचला आणि पडू नये म्हणून जरा पुढे सारला.

पुढचं काही मला सलग आठवत नाही. घर्रर्र असा आवाज झाला आणि हॉलमध्ये झेंडूच्या पाकळ्यांचा पाऊस पडला. सासूबाईंच्या केसांत पाकळ्या, समईत पाकळ्या, माझ्या तोंडात एक. विमान पाटावरून निघालं, पोटावर घसरत पक्कड ओलांडून श्रीखंडाच्या वाडग्याकडे गेलं. मी किंचाळले. सासूबाईंनी हात जोडले. पंखा नारळावर आपटला, त्याचं एक पातं मोडून गेलं, तरी उरलेल्या पात्यावर ते समईच्या दिशेने वळलं आणि तेवढ्यात ह्यांनी झेप घालून शेपटी पकडली.

उजव्या हाताने.

बोटं वळली होती, घट्ट वळली होती. मी पाहिलं. मी पाहिलं हे ह्यांनी पाहिलं. डाव्या हाताने बॅटरीची पिन उपटली, विमान हळूच पाटावर ठेवलं आणि हात परत खिशात. सासूबाई केसांतल्या पाकळ्या वेचत म्हणाल्या, "चांगलं आहे हो. जोर आहे विमानात." किटमध्ये दुसरा पंखा होता म्हणून निभावलं. मोटारीतून कुंकू मात्र पुढे आठवडाभर निघत होतं.

त्या दिवसानंतर ह्यांनी उजवा हात कामाला जुंपला. बोलून दाखवलं नाही, पण मला दिसत होतं. विमानाला वरून प्लॅस्टिकचं रंगीत आवरण चढवायचं असतं, ते इस्त्री फिरवून चिकटवायचं. साड्यांची इस्त्री म्हणजे माझा हातखंडा, मी बाह्या सरसावून पुढे झाले. "मी करतो," म्हणाले. इस्त्रीच्या दांड्याभोवती फडकं गुंडाळून उजव्या हाताने धरली. काय वेड्यावाकड्या सुरकुत्या पडत होत्या! माझी बोटं नुसती शिवशिवत होती. मी हॉलमधून उठून स्वयंपाकघरात जायचे, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत दाराशी. शेवटी सासूबाईंनी मला निवडायला तांदूळ दिले. ते तांदूळ आधीच निवडलेले होते.

मग पंखाच्या फळ्या तपासल्या तेव्हा माझी पण चलती झाली. ह्यांनी विमान स्वतःकडे तोंड करून ठेवलं होतं आणि काडी उजवीकडे नेऊन बघत होते. म्हणाले, "बरोबर." मी म्हटलं, "साफ उलटं!" कारण ही माझी रोजची विद्या. शाळेत कवायत घेताना मी पोरांकडे तोंड करून उभी राहते आणि 'उजवा हात वर' म्हणत स्वतःचा डावा वर करते, म्हणजे त्यांना आरशासारखं बघून करता येतं. समोरून येणाऱ्याची उजवी बाजू कुठली, हे मला झोपेतून उठवून विचारा. ह्यांनी विमान फिरवून बघितलं आणि मुकाट्याने तार बदलली. तेवढ्यावर मी दिवाळी काढली.

भातकापणी झाल्यावर डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही विमान उडवायला नेलं. सुकापूरला माझी शाळा होती आणि शाळेमागे मोकळी शेतं. शेतवाले आजोबा ओळखीचे, त्यांची नात माझ्या वर्गात. परवानगी मागायला गेले तर म्हणाले, "उडवा की बाई, आमाला काय नाय. पन त्यात मानूस बसनार नाय ना?" नाही म्हटल्यावर निर्धास्त झाले आणि बांधावर येऊन बसले.

आधी रिमोट किती लांबून चालतो ते बघायला हे एरियल मिटलेला रिमोट घेऊन लांब चालत गेले आणि मी विमान धरून उभी राहिले, शेपटी हलली की हात वर करायचा. हलली, मी हात वर केला. मग चाकं नसल्यामुळे विमान हाताने सोडायचं होतं, आणि ते काम माझं. आठवडाभर मी गच्चीवर लाटणं फेकून सराव केला होता. "भिरकावायचं नाही. नाक सरळ ठेवून ढकलायचं," ह्यांनी परत एकदा बजावलं. मोटार घुमायला लागली. मी धावले आणि ढकललं.

विमान सरळ खाली गेलं. भाताच्या धसकटांना पोट घासेल इतकं खाली गेलं, तसंच पुढे गेलं आणि मग हळूहळू, उपकार केल्यासारखं वर चढायला लागलं. लाल पंख, पिवळं पोट, सुरकुत्यांसकट. मी ह्यांच्या बाजूला येऊन उभी राहिले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काडीवर होती, नखं पांढरी पडलेली.

हे शेताभोवती विमान फिरवत होते. एक फेरी, दुसरी, तिसरी. छान, गोल, शहाण्या मुलासारखं. आजोबा बांधावरून म्हणाले, "बाई, ह्यो उलटा कवा होनार?"

मीही तेच म्हणत होते. बॅटरी पाच-सहा मिनिटांची, त्यातली निम्मी तर गेलीच असणार. "अहो, प्रदक्षिणा घालायला आलोय का आपण?" एवढ्या थंडीत ह्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस कोलांटी मारणारच नाहीये. असाच फिरवत राहणार, बॅटरी संपणार, विमान खाली येणार आणि मग हे म्हणणार, वेळच मिळाला नाही. आणि उद्या साहेबांकडे जाणार. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

तेवढ्यात विमान वळून थेट आमच्याकडे यायला लागलं आणि त्याचा एक पंख कलला. समोरून येणाऱ्याचा कुठला पंख कललाय ते मला तत्काळ कळलं. ह्यांची बोटं काडीवर होती, पण काडी हलत नव्हती. विमान आणखी कललं. आणखी खाली. माझा हात आपोआप गेला. रिमोटच्या कडेला टेकला सुद्धा.

"हात लावू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या शेतातले बगळे उडाले. लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी मागे झाले, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि स्वतःचीच मनगटं घट्ट धरून ठेवली.

पंख सरळ झाला. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, लांब जाऊन वळलं, मोटारीचा आवाज चढला आणि नाक खाली करून त्याने वेग घेतला. मग ह्यांनी उजवी काडी पोटाकडे ओढली. नाक वर झालं, आणखी वर, विमान सरळ आभाळाकडे तोंड करून उभं राहिलं, मग पाठीवर पडलं. त्याचं पिवळं पोट आभाळाकडे होतं आणि ते तिथे थांबल्यासारखंच वाटलं. "सोडू नका, सोडू नका," मी पुटपुटत होते. ह्यांनी सोडली नाही. विमान उलट्याचं सुलट झालं आणि धसकटांच्या वरून सरळ निघून गेलं. कोलांटी काही गोल नव्हती, चांगली वांग्यासारखी झाली होती. पण झाली होती.

"हाय की जोर!" आजोबा उठून उभे राहिले.

मी काय ओरडले ते मला माहीत नाही. शाळेतल्या बाईंनी ओरडावं असं ते नव्हतं. ह्यांनी विमान वळवलं आणि दुसरी मारली. ही गोल. तिच्या शेवटी मोटारीचा आवाज बसला, पंखा थांबला आणि विमान तरंगत, डुलत खाली आलं. बांधाला लागून एक उडी घेतली आणि एका पंखावर कलंडलं. आजोबा त्याच्याकडे धावले. मीही धावणार होते, पण हे जागचे हलले नाहीत.

रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला लोंबत होता आणि ह्यांचा उजवा हात अजून काडीवर होता. चेहरा हसरा, डोळे पाण्याने भरलेले. हात मात्र काडी सोडायला तयार नव्हता. बोटं चिमटीत अडकून बसली होती, उघडतच नव्हती. डाव्या हाताने त्यांनी रिमोट हळूच खाली ओढला, काडी चिमटीतून सुटली आणि तो तसाच वळलेला हात त्यांनी माझ्यासमोर धरला.

"सोडव," म्हणाले.

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. किती महिन्यांनी घेतला. मनगटावर प्लास्टरच्या जागी कातडी अजून फिकी होती आणि तळवा घामाने थबथबला होता. आधी अंगठा उघडला. मग तर्जनी. ती फार आखडली होती, मी माझ्या सवयीने जरा घाई केली.

"हळू गं," हे म्हणाले, "उद्या कामाला लागणार आहे हा हात."